उंदीर हाताळण्याचे विनामूल्य प्रशिक्षण : एनसीथ्रीआर्झच्या साहित्याचा परिचय

प्रयोगांसाठी प्राणी ठेवतात त्या पशुगृहात उंदराला माणसाचा हात लागतो तो बहुतेक वेळा पिंजरा बदलताना, आणि तो हात शास्त्रज्ञाचा नसून तंत्रज्ञाचा किंवा अटेंडंटचा असतो. त्यामुळे प्रयोगांतील प्राण्यांचा वापर व त्रास कमी करण्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनच्या एनसीथ्रीआर्झ (NC3Rs) या संस्थेने उंदीर कसा उचलावा याविषयी तयार केलेले साहित्य मला फार मोलाचे वाटते. चित्रफीत, भित्तिपत्रक आणि शंकानिरसन असे त्याचे स्वरूप असून ते संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

शेपटीला धरून उंदीर उचलण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यात काही चुकत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले, की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळतात आणि अधिक भेदरलेले राहतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर मात्र आपणहून हाताजवळ येतात. पुढच्या संशोधनात असेही आढळले, की नळीतून उचललेले उंदीर वर्तनचाचण्यांत अधिक मोकळेपणाने वावरतात आणि त्यांच्याकडून मिळणारी निरीक्षणे अधिक भरवशाची ठरतात. प्राण्याचे हित आणि प्रयोगाची गुणवत्ता येथे एकाच कृतीने साधते, ही गोष्ट पशुगृहाच्या प्रमुखांनी आवर्जून लक्षात घ्यावी.

चित्रफितीचे खरे बळ तिच्या बारकाव्यांत आहे. पारदर्शक नळी पिंजऱ्याच्या कडेला टेकवायची, मोकळ्या हाताने उंदराला हलकेच तिच्याकडे वळवायचे, तो आत शिरला की दोन्ही तोंडांवर हात सैलसर धरून नळी उचलायची आणि नव्या पिंजऱ्यात किंचित तिरकी करून त्याला मागच्या बाजूने बाहेर पडू द्यायचे. या साऱ्यात घाई कोठेच नाही. तरीही हात बसल्यावर काम रेंगाळत नाही. इंजेक्शनसाठी मानेची कातडी धरावी लागली तरी नळीचा फायदा वाया जात नाही, हेही संशोधनातून दिसले आहे आणि तंत्रज्ञांची पहिली शंका नेमकी हीच असते.

महाराष्ट्रातील औषधनिर्माण महाविद्यालयांच्या पशुगृहांत हे साहित्य वापरायचे झाल्यास निवेदन मराठीत समजावून सांगणारा जाणता माणूस शेजारी हवा, कारण पिंजरे प्रत्यक्ष हाताळणाऱ्या अनेकांना इंग्रजी सोयीचे नसते. केवळ चित्रफीत दाखवून हजेरीपटावर सह्या घेतल्या तर हाताची जुनी सवय सुटणार नाही. प्रत्येकाला देखरेखीखाली स्वतः नळी हाताळू द्यावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहणी करावी. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीनेही प्रस्ताव तपासताना प्राणी कसे उचलले जाणार आहेत, हे विचारावे.

खर्च होतो तो नळ्यांचा. त्या घेताना आतला उंदीर स्पष्ट दिसतो ना आणि नळी ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) उष्णता सोसते ना, याची आधी खात्री करून घ्यावी.