लेकीचा तबला, माझी पढंत : दहा महिन्यांनंतर

लेक अकरा वर्षांची. मागच्या नोव्हेंबरात नागपुरातल्या प्रतापनगरातल्या एका तबल्याच्या क्लासला तिचं नाव घातलं, तेही घराजवळ आहे एवढ्याच कारणानं. पहिल्याच दिवशी सरांनी मलाही सतरंजीवर बसवलं. म्हणाले, "पहिला महिना तुम्ही पण शिका भाऊ. घरी रियाजाला मी येऊन राहिलो का?" जपानचे व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी लहान मुलांना शिकवताना आईबापांनाही असंच सोबत घ्यायचे. मला बोट नीट पडेना, पण हातावर टाळी देत सोळा मात्रांच्या तीनतालाची पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडानं म्हणणं, मात्र पक्की झाली.

पद्धत अशी. आठवड्यातून एकदा समोर बसून क्लास. मधल्या दिवसांत लेहऱ्याचं (तालाच्या मापाची एकच धून पुन्हापुन्हा वाजवणारं) अ‍ॅप लावून रियाज, आणि शनिवारी एक रेकॉर्डिंग सरांना. त्याआधी ते रेकॉर्डिंग पोरीनं स्वतः ऐकायचं आणि आपली एक चूक आपणच शोधून सांगायची.

खरी कमाई इथं आहे. जानेवारीत तिचा ठेका मला उत्तम वाटत होता. सर म्हणाले, डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा तबला, ऐक फक्त. तीनतालात टाळी देणारा हात नवव्या मात्रेला 'खाली' (टाळीविना मात्रा) दाखवतो, पण तिथं बोल 'धा'च असतो. डग्गा गप्प होतो दहाव्यापासून, 'तिं तिं ता ता', आणि परत बोलतो चौदाव्याला. आमची बाई तेराव्यालाच 'धा' मारून मोकळी. तीनदा ऐकल्यावर तिलाच सापडलं. मी महिनाभर शेजारी बसून मान डोलावत होतो, ते वेगळं.

आता तक्रारी. अ‍ॅपचा लेहरा कुणासाठी थांबत नाही, म्हणून लय बसायला तो छानच. पण महिन्याच्या शेवटी क्लासमध्ये छोटी बैठक असते. प्रत्येकाला दहा मिनिटं, बाकीची मुलं टाळी धरतात. मार्चमध्ये तिथं खरी पेटी लागली आणि पोरगी तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेऊन समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, एक मात्रा पुढं पडली. पेटीवाला माणूस श्वास घेतो, किंचित रेलतो. त्याच्याकडे बघून वाजवायची सवयच नव्हती. पेटीवर महिन्यातून एकच दिवस, हे फार कमी आहे. दोनदा सांगून झालं, बदल शून्य.

उन्हाळ्यात काही क्लास ऑनलाइन घेतले. ते घेऊ नका. आवाज उशिरा पोचतो म्हणून सोबत वाजवता येत नाही, आणि कॉलमध्ये गोंगाट काढून टाकणारी सेटिंग डग्ग्याची आसच (मागं रेंगाळणारा घुमारा) गोंगाट समजून खाते. ती बंद केल्यावर थोडा फरक पडला.

नागपूरकरांसाठी एक खास. मे महिन्यात कोरड्या उन्हानं पुडी (वरचं चामडं) ताणली जाऊन तबल्याचा सूर चढतो, हे ठाऊक होतं. आमचा उलट उतरत होता. काळी एक या सुराला मिळवलेला तबला अर्ध्या तासात अ‍ॅपशी जुळेना. मी अ‍ॅपला शिव्या दिल्या, हातोडी घेऊन गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) ठोकला, चाट (पुडीची किनार) जायची वेळ आली. मग सरांनी व्हिडिओत मागं पाहिलं : "कूलरसमोर काऊन बसवून राहिले तिला?" ओल्या हवेनं पुडी सैल पडत होती. तेव्हापासून रियाजाच्या वेळी पंप बंद, नुसता पंखा.

"कितवी परीक्षा दिली?" हा प्रश्न नातेवाइकांकडून येतोच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकला सर पहिल्या वर्षी बसवत नाहीत. ज्यांना प्रमाणपत्राची घाई आहे त्यांनी आधीच विचारून घ्यावं. माझी बायको अजून नाराज आहे.

फी महिन्याला 1,500. चुकलेला क्लास भरून मिळत नाही, आणि गणपतीत दोन आठवडे सुट्टी असूनही फी पूर्ण घेतात. तरी पुढचं वर्ष भरलंय. काल पोरगी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत नव्हती, पोळपाटावर झपताल धरून बसली होती. डाळ लागली.