रॉकच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं : कुठलं घ्यावं, कुठलं राहू द्यावं

तीन-चार जणांनी विचारलं की तू ती रॉकची ठोकळ्यासारखी पुस्तकं मागवत असतोस त्यातलं खरंच घेण्यासारखं कुठलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी काय संगीतातला जाणकार वगैरे नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात वडिलांचं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि तीन पॉवर प्रेस, दिवसभर तिथं आणि रात्री हेडफोन. मोबाईलवर सगळं फुकट मिळत असताना पुस्तकं कशाला हा प्रश्न घरात रोज होतो आणि रोज मी ऐकलं न ऐकल्यासारखं करतो.

पहिलं मागवलं ते 'द रोलिंग स्टोन एन्सायक्लोपीडिया ऑफ रॉक अँड रोल'. ऑनलाइन, सेकंडहँड. साइटचं नाव घेत नाही, पण फोटो होता 2001 च्या तिसऱ्या आवृत्तीचा आणि घरी आली 1983 ची पहिली, तीही पातळ पिशवीत गुंडाळून, एक कोपरा असा चेपलेला की कुणीतरी त्यावर बसूनच आलं असावं. तक्रार केली तर म्हणे सर पुस्तकाचं नाव तर तेच आहे. नाव तेच आहे हो, पण निर्वाणा बँडच 1987 ला सुरू झाला, तो 1983 च्या पुस्तकात कुठनं येणार? परत न्यायला येणारा पोरगा तीन दिवस 'उद्या येतो' म्हणाला, पैसे मिळायला दोन आठवडे गेले. मग दुसरीकडनं तिसरी आवृत्ती घेतली, 900 रुपयांत.

आता पुस्तकाबद्दल. हजारावर पानं, बारीक टाइप, ए टू झेड. प्रत्येक बँडच्या सुरुवातीला कोण कधी आला, कोण कधी गेला, कोण काय वाजवत होता, मग अल्बमची यादी वर्षासकट आणि मग माहिती. अगदी पंचांगासारखं, पाहिजे तेवढं बघायचं आणि मिटून ठेवायचं. अडचण एकच, हे पंचांग 2001 ला थांबलंय. त्यातला सिड बॅरेट जिवंत, चक बेरी जिवंत, लिटल रिचर्ड जिवंत. मी समासात पेन्सिलीने कोण कधी वारला त्या तारखा लिहीत असतो, त्यात एक दिवस लक्षात आलं की ब्रिटिश ब्लूजवाला जॉन मेयॉल गेला 22 जुलै 2024 ला आणि ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला 22 जुलै 2025 ला, बरोबर वर्षाने, तीच तारीख. काय अर्थ नाही त्याला, पण दोन पानांवर एकच तारीख लिहिताना हात जरा थांबला. बाकी खरं सांगायचं तर नुसती माहिती पाहिजे असेल तर हे काम आता मोबाईल जास्त चांगलं करतो. तीनशे-चारशेला मिळालं तर घ्या, मी दिले तेवढे देऊ नका.

दुसरं 'द रोलिंग स्टोन इलस्ट्रेटेड हिस्टरी ऑफ रॉक अँड रोल', हे कोल्हापुरातच मिळालं, रद्दीच्या दुकानात, बारावीच्या गाईडांच्या गठ्ठ्याखाली. दुकानदाराला वाटलं कसलंतरी फोटोंचं पुस्तक आहे, 250 म्हणाला, घासाघीस न करता दिले कारण चेहऱ्यावर आनंद दिसला असता तर त्याने 500 केले असते. पहिली आवृत्ती 1976 ची, जिम मिलरने संपादित केलेली, माझ्याकडे आहे ती 1992 ची. हे पंचांग नाही. एकेका कलाकारावर, एकेका शैलीवर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले लेख आहेत, एल्विसवर पीटर गुरालनिक, बीटल्सवर ग्रील मार्कस, हेवी मेटलवर लेस्टर बँग्स. आणि ही माणसं मोजूनमापून बोलत नाहीत, आवडलं तर आवडलं, नाही तर सरळ धुवून काढतात, त्यामुळं वाचताना आपणही मनात भांडत बसतो आणि रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही. एल्विसवाला लेख वाचला आणि परत एकदा मनानंच मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओत जाऊन आलो. 1954 चा जुलै, दिवसभर धड काही जमत नव्हतं आणि मधल्या सुट्टीत एल्विस पोरानं टवाळकी म्हणून आर्थर क्रडपचं जुनं ब्लूज गाणं जोरात सुरू केलं, तेच रेकॉर्ड झालं. तसंच 'हाउंड डॉग' हे एल्विसच्या आधी बिग मामा थॉर्नटनने गायलंय हे माहीत होतं, पण तिचं कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं. एल्विसचं त्यापुढं शाळेच्या गॅदरिंगचं वाटतं, रागावू नका.

असल्या पुस्तकांचा खरा फायदा मला हाच वाटतो, एक ओळ वाचायची आणि तिच्या मागं लागायचं. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी इओमी असाच मागं लागून सापडला. त्याचं 2011 चं आत्मचरित्र मिळवून वाचलं. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला, वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस, नंतर बँडबरोबर बाहेर जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचंच नव्हतं, आई म्हणाली जा, काम अर्धं टाकू नये. प्रेसवरची बाई आली नव्हती म्हणून ह्याला बसवलं, आणि मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळं गिटारच्या तारा दाबायचा हात उजवा, आणि गेली ती त्याच हाताची. मी हे वर्कशॉपमध्येच वाचत होतो, समोर आमचा प्रेस चालू होता, पाच मिनिटं बंद करायला लावला. उद्यमनगरात बोट गेलेला एकतरी माणूस प्रत्येकाला माहीत असतो. ह्या पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या, पुढं पुढं गिटार खालच्या सुरात लावायला लागला, आणि त्यातनं जो जड, काळाकुट्ट आवाज आला त्याला जग आज मेटल म्हणतं. पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970, शुक्रवार. आमच्या पोरांना सांगितलं तर एकजण म्हणाला, मालक, म्हंजे फिटर माणूस हाय की ह्यो.

बरं, तिसरं. सगळ्यात महाग आणि सगळ्यात लाडकं, पीट फ्रेमची 'रॉक फॅमिली ट्रीज'. पहिला भाग 1980, दुसरा 1983, दोन्ही एकत्र 1993 ला आले, माझ्याकडे ते एकत्र आहे. ह्यात धडे वगैरे काही नाही. मोठ्या पानावर माणसाने स्वतःच्या हातानं, मुंगीएवढ्या अक्षरात वंशावळी काढल्यात. वर एक बँड, त्याच्याखाली रेघ, कोण फुटला, कुठं गेला, कुणाला घेऊन नवा बँड काढला, आणि मधल्या जागेत बारीक शेरे. डोळ्यांनी वाचायची सोय नाही, मी टूलची धार बघायचं वर्कशॉपमधलं भिंग घरी आणलंय.

आमचे एक काका, जन्मभर देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या मैफिली ऐकलेले, रॉक म्हणजे गोंगाट ह्या मताचे, एका रविवारी पांढऱ्या रश्श्यावर आले होते. पान उघडंच होतं. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "आरं, हे तर घराणं की रं. उस्ताद कोण ह्यांचा?"

मी जॉन मेयॉलवर बोट ठेवलं. त्याच्याकडनं एरिक क्लॅप्टन बाहेर पडला आणि 1966 ला क्रीम नावाचा बँड काढला. त्याच्याकडचेच पीटर ग्रीन, मिक फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही, त्यांचं 1967 ला फ्लीटवुड मॅक झालं. मिक टेलर तिथनं उठून 1969 ला रोलिंग स्टोन्समध्ये गेला. काका म्हणाले, "आणि हा क्लॅप्टन किती वर्षं होता उस्तादाकडं?" म्हटलं सव्वा वर्ष, तेही मधे एकदा ग्रीसला पळून गेला होता. "मग कसला शिष्याचा गंडा बांधला रं ह्यानं," असं म्हणून त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याचं सुरू केलं, शाहू महाराजांच्या दरबारापासून, मंजी खाँ, भूर्जी खाँ, केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर अण्णा मंजी खाँसाहेबांकडं कसे गेले आणि ते वारल्यावर भूर्जी खाँसाहेबांकडं कसे, तासभर. बोट मात्र पूर्ण वेळ यार्डबर्ड्सच्या चौकटीवर. क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज तिघंही एकाच बँडमधनं गेलेत हे त्यांना काही केल्या पटेना.

तक्रारी सांगायच्या तर पुस्तक कुठल्याच कपाटात मावत नाही, सगळा मामला बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातला आणि त्यातही ब्रिटन-अमेरिकेचा. तसं बघितलं तर ह्या सगळ्याच पुस्तकांत आपण म्हणजे बीटल्सची सतार आणि ऋषिकेश, संपलं. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि पहिला बँड, हेक्टिक्स, तिथंच काढला, इथनं गाडीनं दोन-तीन तासांवर, पण ते आपलं आपणच मनात ठेवायचं. आपल्याकडच्या साठ-सत्तरच्या पोरांनी काय केलं, सिगारेट कंपनीच्या पैशावर सिमला बीट नावाची बँडांची स्पर्धा कशी व्हायची, हे पाहिजे असेल तर सिद्धार्थ भाटियांचं 2014 चं 'इंडिया सायकेडेलिक' घ्या. बारीक आहे, स्वस्त आहे, दोन रात्रीत होतं.

म्हणजे पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर माझं मत फॅमिली ट्रीज, रद्दीत नशीब काढलं तर इलस्ट्रेटेड हिस्टरी, आणि एन्सायक्लोपीडिया अगदी स्वस्तात मिळाला तर. फॅमिली ट्रीज बघायला माझ्याकडं येतो म्हणू नका, ते काकांनी त्याच रविवारी भिंगासकट नेलंय, दोन महिने झाले. फोन केला की म्हणतात, थांब, अजून डीप पर्पल बँडच्या पानावरच आहे, ह्यांचं काय एका ठिकाणी बूड टिकत नाही. दुसरी प्रत शोधतोय, ह्यावेळी आवृत्तीच्या पानाचा फोटो आल्याशिवाय पैसे टाकणार नाही.