नेक्सॉन ईव्ही 45: रोज हिंजवडी आणि सुट्टीत सावंतवाडी, दोन्ही एकाच गाडीवर

"शहरात ठीक आहे हो, पण गावाला जायला दुसरी गाडी लागतेच ना?" हे सोसायटीत जो तो विचारतो म्हणून एकदाच नीट लिहून टाकतोय. आमच्याकडे एकच गाडी आहे, तीही इलेक्ट्रिक, टाटा नेक्सॉन ईव्ही, 45 युनिटची बॅटरी. ऑफिस हिंजवडीला, गाव सावंतवाडीजवळ.

रोजच्या वापराला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. वाकड ते हिंजवडी त्या ट्रॅफिकमध्ये क्लच नाही, गिअर नाही, पॅडलने रीजेन (म्हणजे पाय काढला की मोटरच गाडी आवळते आणि बॅटरी थोडी भरते) वाढवलं की ब्रेकला पायसुद्धा फार कमी लावावा लागतो आणि एसी लावून तासभर अडकलात तरी बॅटरीचे टक्के फारसे हलत नाहीत. पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा साधा पॉइंट आहे आमचा, रात्री आठ तास लावली तर 25 युनिट आत जातात म्हणजे दीडशे किलोमीटर आरामात, त्यामुळे 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा जास्त वेगाचा चार्जर, प्रत्येकाला लागतोच असं नाही. युनिटला 10-12 रुपये धरले तरी किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये पडतात. महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळं मीटर मिळतं तेही बघा. पण स्वतःचा प्लग नसेल, सगळं चार्जिंग बाहेरच करायचं असेल तर मी ही गाडी घ्या म्हणणार नाही, स्पष्ट सांगतो. बाहेर युनिटला साधारण दुप्पट पडतात, वर 18 टक्के जीएसटी, आणि वेळ जातो तो वेगळाच.

आता लांबचं. कागदावर एका चार्जला 489 किमी लिहिलंय ते विसरा, टाटा स्वतःच प्रत्यक्षात 350-370 म्हणते. हायवेला नव्वदने, चार माणसं, सामान, एसी असं धरलं तर 280-300 मिळतात. शंभर-एकशेदहाने दामटली की झपाट्याने उतरतात कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पुण्याहून फुल करून निघालं, खंबाटकी चढलं, तरी कोल्हापूरपर्यंत जाते, पण मी तोपर्यंत ताणत नाही. कराड ते कोल्हापूर या पट्ट्यात चार्जर बऱ्यापैकी आहेत, एक बंद निघाला तर पुढचा गाठता येतो, म्हणून तिथेच जेवण उरकतो. 60 किलोवॅटचा चालू चार्जर मिळाला तर 10 ते 80 टक्के साधारण 40 मिनिटांत, पोरांचं जेवण त्याआधी होतच नाही. ऐंशीच्या पुढे मात्र चार्जिंग इतकं मंदावतं की तिथे थांबण्यात अर्थ नाही, गन (चार्जरची गाडीला लावायची पिन) काढा आणि मागच्याला जागा द्या. फुल झालेली गाडी तशीच लावून वर जेवत बसणारे लोक बघितले की खरंच राग येतो.

आंबोली घाट हा या गाडीतला सगळ्यात सुंदर भाग! उतरताना टक्के कमी होत नाहीत, उलट एखाददुसरा वाढतो, कारण वरून खाली येण्यातली ऊर्जा मोटर परत बॅटरीत टाकते, आणि ब्रेक तापायचा प्रश्नच नाही. फक्त बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागू नका, भरलेल्या बॅटरीत रीजेनला जागाच नसते. परत येताना हिशेब उलटा, सावंतवाडी ते आंबोली 30 किमीला सपाटीवरच्या जवळजवळ दुप्पट चार्ज जातो, तेवढा धरून निघायचं.

खरी अडचण रेंजची नाहीच, चार्जरची आहे. अॅपमध्ये हिरवा दिसतो, जाऊन बघावं तर स्क्रीन काळी, फोन लावला की "सर रीस्टार्ट करून बघा". एका कंपनीच्या चार्जरवर भर पावसात छत्री धरून गन लावत उभा होतो, माणूस नाही, पत्रा नाही, काही नाही. गणपतीत तर कोकणात जिथे एकच गन आहे तिथे रांग लागणारच. म्हणून एकच नियम पाळतो, पुढचा चार्जर चुकला तरी त्याच्या पुढचा गाठता येईल एवढे टक्के असतानाच थांबायचं. दोन-तीन कंपन्यांची अॅप आणि त्यात थोडे पैसे आधीच भरून ठेवा, घाटात नेटवर्क नसतं.

गावी पोचल्यावर घरच्या पॉइंटवर लावायची असेल तर आधी अर्थिंग नीट करून घ्या. जुन्या घरांत बऱ्याचदा अर्थिंग नसतं आणि मग चार्जर लाल लाइट दाखवून गप्प बसतो, वायरमनला बोलावून एकदा अर्थिंगचा खड्डा करून घेतला की काम झालं. आणि गावची लाइट गेली की हीच गाडी उलटी कामाला येते, व्ही-टू-एलवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीतून बाहेर वीज घेऊन, पंखे, मिक्सर, फ्रिज चालतात, आईला याचंच सगळ्यात जास्त कौतुक.

टोलचं एक, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर ईव्हीला माफी आहे, पण आमच्या कोल्हापूरच्या रस्त्याला नाही, तो धरूनच खर्च काढा.

बॅटरीची वॉरंटी, पंचतारांकित क्रॅश टेस्ट हे सगळं चांगलंच आहे. माझी मागणी गाडीकडून नाहीच आता, रस्त्याकडून आहे: कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात एका जागी चार गन, वर पत्रा, आणि फोन उचलणारा एक माणूस.