साधं रेझिन की पाण्याने धुता येणारं?

दिवाळीच्या किल्ल्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचे, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे, मावळे छापायला निघालेल्या मित्राचा हा प्रश्न. बारकावे दोन्हींत सारखेच, ०.०५ मिमीच्या थरात पागोट्याच्या चुण्याही उठून दिसतात. फरक पडतो तो पुढे, छापलेल्या मूर्तीवरचं ओलं रेझिन धुताना. साध्या रेझिनला धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं: खर्च वाढतो, वास येतो, आगीपासून जपावं लागतं. दुसऱ्याला नळाचं पाणी पुरतं, पण ते गढूळ पाणी मोरीत अजिबात ओतू नका. उन्हात ठेवून आतलं रेझिन घट्ट झाल्यावर गाळा. हातमोजे दोन्हीकडे हवेतच.

टिकाऊपणात मात्र साधं सरस. पाण्याने धुता येणारं बहुधा जास्त ठिसूळ, भाल्याचं टोक पटकन मोडतं. ओलसर राहिलं तर तडेही जातात.

घरात अल्कोहोल साठवायचं नसेल आणि मूर्ती जाडसर असतील, तर पाण्याने धुता येणारं घ्या. नाजूक शस्त्रं, वर्षानुवर्षं जपायचे नग असतील तर साधंच.