साडेतीन इंची की पाच इंची? वाफेचं जुनं छोटं इंजिन दुरुस्तीला घेण्याआधी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि हाताने काहीतरी घडवायची आवड असणाऱ्या आपल्या माणसांकडून हा प्रश्न मला बरेचदा येतो. लिलावात किंवा कुणाच्या गॅरेजात वाफेवर चालणारं जुनं छोटं इंजिन दिसलेलं असतं. खरं खरं इंजिन: कोळसा टाकायचा, पाणी भरायचं, वाफ धरायची, मागच्या डब्यावर बसून ते चालवायचं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी घरच्या लेथवर ते तयार केलेलं असतं, आता ते बंद पडलेलं असतं, आणि किंमत मोहात पाडणारी असते. घ्यावं का? आणि दोन दिसली तर कोणतं घ्यावं, साडेतीन इंची की पाच इंची?

दोन्ही मी घरी आणली, दोन्ही पूर्ण उघडली आणि दोन्ही आज चालतात. पहिल्याला एक हिवाळा लागला. दुसऱ्याला चार वर्षं.

हे इंच म्हणजे रुळांमधलं अंतर. साडेतीन इंची म्हणजे 88.9 मिलिमीटर, पाच इंची म्हणजे 127. आकडे जवळजवळचे वाटतात, पण रूळ सुमारे दीडपट रुंद झाला की वजन जवळपास तिप्पट होतं. एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांचं ‘तिच’ हे साडेतीन इंची, चार चाकांचं छोटं इंजिन दोन हातांत उचलून गाडीच्या डिकीत ठेवता येतं. मार्टिन इव्हान्स यांचं पाच इंची ‘सिम्प्लेक्स’ पन्नास किलोच्या आसपास जातं. ते उचलायला दोघं लागतात किंवा खाली-वर होणारं चाकाचं टेबल लागतं. या दोन आराखड्यांवरून हौशी लोकांनी भरपूर इंजिनं बनवली, त्यामुळे जुन्या बाजारात तीच जास्त दिसतात. साडेतीन इंचीत ‘रॉब रॉय’ आणि पाच इंचीत ‘स्वीट पी’ हीसुद्धा नेहमीची नावं. आराखडा माहीत असलेलं इंजिनच घ्या, कारण त्याची मूळ ड्रॉइंग आजही विकत मिळतात. ड्रॉइंग नसेल तर झिजलेला भाग मुळात किती मापाचा होता हे ठरवण्यातच महिने जातात.

आता बॉयलर. माझ्या मते निवडीचा निर्णय इथेच होतो. रंग, चाकं, सिलिंडर हे सगळं नंतर.

ज्यांच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता त्यांना हे समजायला सोपं आहे. बंबाच्या मधोमध एक नळी, तिच्यात जाळ, भोवती पाणी. तोच बंब आडवा करा, एका नळीऐवजी बारीक बारीक पुष्कळ नळ्या घाला, एका टोकाला कोळशाची पेटी जोडा, की इंजिनाचा बॉयलर झाला. फरक एवढाच की बंबाचं तोंड उघडं असतं आणि हा बंद असतो. आत दर चौरस इंचाला 80 ते 100 पौंड दाब असतो. त्या दाबाला कोळशाच्या पेटीच्या सपाट भिंती फुगू नयेत म्हणून आतली आणि बाहेरची भिंत तांब्याच्या छोट्या दांड्यांनी एकमेकींना बांधलेली असते. या दांड्यांना स्टे म्हणतात. जुन्या बॉयलरची गळती बहुतेक वेळा या स्टेंपाशी किंवा नळ्यांच्या टोकांशी सापडते.

तपासणी पाण्याने करतात. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा एक बुडबुडाही ठेवायचा नाही आणि हातपंपाने दाब चढवायचा. नव्या बॉयलरला चालवायच्या दाबाच्या दुप्पट, नंतरच्या चाचण्यांना दीडपट. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे काही फाटलंच तर दाब क्षणात उतरतो, स्फोट होत नाही. म्हणूनच ही चाचणी हवेने कधीही करू नये. विकणारा सांगतो, “हवेवर मस्त चालतं”. ते खरं असू शकतं, पण त्याचा अर्थ चाकं फिरतात इतकाच. बॉयलरबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

माझं साडेतीन इंची इंजिन 80 पौंड दाबावर चालणारं, म्हणजे चाचणी 120 वर. अशी इंजिनं चालवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबचे तपासनीस पंप मारत होते आणि मी दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा कोळशाच्या पेटीत धरून बसलो होतो. 90 पर्यंत सगळं कोरडं. 100 च्या पुढे एका स्टेच्या नटाखाली मोहरीएवढा थेंब धरला. तो फुगला, खाली पडला, दुसरा धरला. काटा मात्र जागचा फारसा हलला नाही. तपासनीस म्हणाले, ही किरकोळ गळती आहे, पण त्या नटावर आधी कोणता डाख (सोल्डर) लावलाय ते बघा, मग ठरवू.

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्या काळात बरेच जण स्टेची टोकं शिसं-कथिलाच्या मऊ डाखाने बंद करत. एकदा का तांब्याला शिसं लागलं, की तिथे चांदीचा डाख नीट धरत नाही. शिवाय चांदीच्या डाखासाठी साडेसहाशे अंशांच्या पुढे तापवलं की ते शिसं सांध्यात शिरून सांधाच खराब करतं. मऊ डाख 183 अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि 80 पौंडांच्या वाफेचं तापमानच 160 च्या वर असतं, म्हणजे मोकळीक फारच थोडी. माझ्या इंजिनावर नशिबाने जास्त तापमानाचा, सुमारे 300 अंशांना वितळणारा मऊ डाख होता. तपासनिसांशी बोलून तो नट साफ केला आणि पुन्हा तसल्याच डाखाने बंद केला. पुढच्या चाचणीला आरसा कोरडा राहिला.

पाच इंचीची गोष्ट वेगळी. ते मी लिलावातून घेतलं, कागद काहीही नव्हते. वर्णनात “थोडं काम बाकी” एवढंच. चाचणी 150 वर न्यायची होती, पण 110 च्या आसपास काटा थांबेना, पंप मारला की चढायचा आणि लगेच उतरायचा. पाणी मागच्या पत्र्यावरच्या एका बुशमधून येत होतं. बुश म्हणजे व्हॉल्व्ह बसवायला जोडलेली आट्यांची जाड कडी. खरवडून पाहिली तर पिवळी दिसायला हवी होती, ती आतून गुलाबी होती आणि सुईने टोकरल्यावर तिची भुकटी पडत होती. बनवणाऱ्याने ब्राँझऐवजी साधं पितळ वापरलं होतं. पितळातलं जस्त पाण्यात निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. एक बुश अशी म्हटल्यावर बाकीच्यांची खात्री कोण देणार? सगळ्या बदलायच्या तर अख्खा बॉयलर पुन्हा तापवायचा, त्यात जुने सांधे हलायचे. शेवटी नवा बॉयलर मागवला. पूर्ण इंजिनाला मी जेवढे पैसे मोजले होते, त्यापेक्षा एकट्या बॉयलरचे जास्त झाले.

तांब्याचं काम घरी करायचं ठरवलंत तर इथेच मापाचा खरा फरक जाणवतो. तांबं उष्णता पळवतं, म्हणून फक्त सांधा तापवून भागत नाही, पूर्ण बॉयलरच तापवावा लागतो. साडेतीन इंचीचा बॉयलर एका चांगल्या प्रोपेन टॉर्चने आणि भोवती रचलेल्या भट्टीच्या विटांनी एकट्याला तापवता येतो. पाच इंचीला मोठा टॉर्च लागतो, दुसरा टॉर्च धरायला माणूस लागतो, आणि एक बाजू गरम होईपर्यंत दुसरी थंड होते. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी मी कारागिरांना तांबं लाल करून पाण्यात बुडवताना तासन्‌तास पाहिलंय. तांबं त्याने मऊ होतं, हे तिथेच कळलं. पण हातात टॉर्च घेतल्यावर कळलं की त्यांचे डोळे रंग ओळखायला किती वर्षं शिकले होते. आणि एक इशारा: जुन्या इंजिनांत कॅडमियम असलेला चांदीचा डाख सर्रास वापरलेला आहे. तो तापवला की निघणारा धूर विषारी असतो, तेव्हा हे काम बंद गॅरेजात करायचं नाही.

दुसरा इशारा त्याहून मोठा. बॉयलरवरचा बाहेरचा पातळ पत्रा काढला की खाली उष्णता धरून ठेवणारा थर असतो. पांढरट, तंतूंचा, कापसासारखा किंवा पुठ्ठ्यासारखा दिसला तर हात लावू नका, तो अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी 1999 मध्ये आली, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही इंजिनात तो असू शकतो. पिस्टनच्या दांड्याभोवतीची जुनी दोरीसुद्धा बरेचदा त्याचीच असते. नमुना तपासून घ्या. हे दोन्ही मापांना सारखंच लागू आहे.

खालच्या चौकटीचं आणि सिलिंडरचं काम मात्र मला दोन्हीकडे आनंदाचं वाटलं. सिलिंडर ओतीव लोखंडाचे असतील आणि शेवटचं चालवल्यानंतर कुणी तेल सोडलं नसेल तर पिस्टन गंजून बसलेले असतात. तिथे हातोडी चालवू नका. गंज सोडवणारं तेल घाला, आठवडाभर थांबा, हळूच दाबून बघा, पुन्हा घाला. गनमेटलचे, म्हणजे ब्राँझच्या जातीच्या धातूचे, सिलिंडर असतील तर हा त्रास नाही. झिजलेल्या पिना आणि त्या ज्यात फिरतात त्या कड्या (त्यांनाही बुशच म्हणतात) बदलणं घरच्या छोट्या लेथवर होतं. आट्यांकडे मात्र लक्ष द्या: ही इंजिनं मेट्रिक नाहीत. स्क्रू बी.ए. या जुन्या ब्रिटिश मापाचे आणि नळ्यांचे सांधे इंचाला 32 किंवा 40 आट्यांचे. 2 बी.ए.चा स्क्रू 4.7 मिलिमीटरचा असतो, तिथे आट्या पाडायचा 5 मिलिमीटरचा टॅप घातलात तर जुना भाग कायमचा बिघडेल. टॅप आणि डायचा संच आधी घ्या.

सगळं जोडून झालं की कॉम्प्रेसरची थोडी हवा सोडायची आणि चाकं टेकूवर फिरू द्यायची. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके येतात. ते समान अंतराने पडायला हवेत. एक लंगडा पडला तर व्हॉल्व्हची वेळ चुकली आहे. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या नॅरोगेजच्या वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वेची लीड्सच्या किटसन कंपनीत बनलेली इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली होती. डोळे मिटून ठोके ऐकायचे, ही त्यांची रीत मी घरात गोष्टी ऐकताना शिकलो आणि पन्नास वर्षांनी एका गॅरेजात वापरली. ते ठोके समान पडू लागले त्या रात्री मी बराच वेळ हवा बंद केली नाही.

चालवण्यात दोघांचा स्वभाव वेगळा. साडेतीन इंचीच्या छोट्या इंजिनाची कोळसा जळायची जाळी दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्यावर जेवढी जागा होते, साधारण तेवढीच. कोळसा हरभऱ्याएवढा फोडून घ्यावा लागतो आणि लक्ष जरा हटलं की जाळ तरी विझतो, नाहीतर पाणी तरी उतरतं. पाच इंची इंजिन चुका पोटात घालतं. त्यात पाणी जास्त, विस्तव जाड, आणि ते तीन-चार माणसं सहज ओढतं. मुलांना बसवून फिरवायचं स्वप्न असेल तर पाच इंचीला तोड नाही. कोळसा मिळवणं आता दोघांनाही कठीण झालंय. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही खाण 2023 मध्ये बंद झाल्यापासून वेल्सचा उत्तम स्टीम कोळसा दुर्मिळ झाला आणि बरेच जण अँथ्रासाइट या कठीण कोळशावर आलेत. त्याला पेट धरायला वेळ लागतो, आणि छोट्या जाळीला ते जास्त जाचतं.

टेबलावर किंवा बागेत चालणारी 32 आणि 45 मिलिमीटरची इंजिनंही जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. जागा फारच कमी असेल तर ती चांगली सुरुवात आहे, पण त्यांवर बसता येत नाही आणि स्वस्तातल्यांचे पितळी बॉयलर मऊ डाखाचे असतात, एकदा कोरडे तापले की सांधे सुटतात.

इंजिन भारतात न्यायचा विचार असेल तर लक्षात घ्या: तिथला बॉयलर कायदा 25 लिटरपेक्षा कमी पाण्याच्या बॉयलरला लागू होत नाही, आणि या दोन्ही इंजिनांत जेमतेम काही लिटर पाणी मावतं. म्हणजे परवान्याची अडचण नाही, पण तपासायला येणारं कुणीही नाही. इथे क्लबमध्ये तांब्याच्या बॉयलरची पाण्याची चाचणी दर चार वर्षांनी आणि वाफेची साधारण दर वर्षी होते. तिथे दाबाचा घड्याळ-काटा, हातपंप आणि वही तुम्हालाच सांभाळावी लागेल. नेण्याआधी इथली चाचणी करून घ्या आणि कागद बरोबर ठेवा.

पहिलंच इंजिन असेल, गॅरेज एका गाडीचं असेल आणि मदतीला रोज दुसरं माणूस नसेल, तर साडेतीन इंची घ्या. जाळ सांभाळणं अवघड आहे, पण ते सरावाने येतं, आणि दुरुस्ती तुमच्या हाताच्या आवाक्यात राहते. पाच इंची घ्यायचं तर चालू चाचणीचे कागद असलेलंच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी. कागद नसलेलं पाच इंची घेताना नव्या बॉयलरची किंमत त्यात धरून बोली लावा. तेवढ्यात बसत नसेल तर सोडून द्या. 2002 नंतर व्यावसायिकाने बनवलेल्या, दोन लिटरपेक्षा मोठ्या बॉयलरवर सी.ई. (किंवा अलीकडच्यावर यू.के.सी.ए.) ही नियम पाळल्याची खूण हवी, तीही पाहा.

बघायला जाताना खिशात बॅटरी, दाताचा आरसा आणि एक जाड सुई न्या. स्मोकबॉक्सचं, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीचं, दार उघडायला सांगा, नळ्यांची टोकं पाहा, कोळशाच्या पेटीत आरसा घालून स्टेंवर पांढरे-हिरवे ओघळ आहेत का ते पाहा, आणि विकणाऱ्याच्या परवानगीने बुश खरवडून रंग बघा.

माझ्या साडेतीन इंचीच्या पुढच्या आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, रंगाखाली, बनवणाऱ्याने ठोकलेली दोन अक्षरं आणि 1956 हे साल निघालं. नवा रंग देताना तेवढी जागा मी मोकळी ठेवली.