ॲटोरव्हास्टॅटिन आणि शेतकऱ्याचं अंगदुखणं : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चोपडा तालुक्यात माझी केळी आणि कापूस आहे. शुगर जुनीच, त्यात एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) १६८ निघालं, म्हणून गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू केली, ४० मिलिग्रॅमची. पहिल्याच फेरतपासणीत एलडीएल ८४ वर आलं. गोळीनं तिचं काम चोख केलं.

गावात मात्र मला सगळे विचारतात ते अंगदुखीबद्दल. "नाना, ती गोयी बंद करी टाका, पाय जातस तिनावरी," असं सांगणारे पारावर रोज भेटतात. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

ही गोळी लिव्हरमध्ये कोलेस्ट्रॉल तयार करणारं एन्झाइम अडवते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. स्नायू दुखणं हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. पण आपल्यासारख्या कष्टाच्या माणसाचं अंग गोळी नसतानाही दुखतंच. केळीचे घड वाहिले की खांदा भरून येतो, निंदणीनंतर कंबर धरते. त्यातलं गोळीचं कोणतं आणि कामाचं कोणतं, हे ओळखायचं कसं?

आमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याआधीच एक वही करायला लावली. कुठे दुखलं, एका बाजूला की दोन्ही, त्या दिवशी काम काय होतं, रात्रीच्या झोपेनं उतरलं का, एवढंच रोज लिहायचं. गोळीआधीची ती पानं मला सगळ्यात मोलाची वाटतात. उजवा खांदा आणि डावा गुडघा तेव्हाही होतेच. ती पानं नसती तर हे दुखणं गोळीच्याच खात्यावर गेलं असतं.

२०२० साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रासामुळे या गटातली औषधं (स्टॅटिन) सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली गोळी दिली, आणि काही महिने काहीच दिलं नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला, त्याच्या जवळपास ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. ती माणसं खोटं बोलत नव्हती, दुखत खरंच होतं. म्हणूनच मला नोंद महत्त्वाची वाटते.

उरलेला हिस्साही खरा असतो, आणि तो मला श्रावणात दिसला. झड लागली होती, शेतात पाऊल टाकता येत नव्हतं, काम बंद होतं. तरी दोन्ही मांड्या जड, उकिडवं बसलं की उठताना हात टेकावा लागायचा. वहीत असं आधी कुठेच नव्हतं. गोळीचं दुखणं बहुधा असंच येतं: दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत. डॉक्टरांनी सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), थायरॉईड आणि व्हिटॅमिन डी तपासलं, कारण त्या दोन्हींच्या कमतरतेतही स्नायू दुखतात. सीकेचं एक ध्यानात ठेवा: अंगमेहनतीनंही ते वाढतं, त्यामुळे घड वाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका. माझं सीके थोडंच वर होतं, बाकी दोन्ही ठीक. डोस ४० वरून २० केला आणि मांड्या हळूहळू मोकळ्या झाल्या. एलडीएल ९५ झालं. डोस अर्धा केला म्हणून फायदा अर्धा होत नाही, हे मला फार दिलासा देणारं वाटलं.

मे महिन्यात वेगळीच काळजी होती. स्नायू फार बिघडले तर लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि किडनीला धोका असतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आपल्याकडे ४४ अंशांत पाणी कमी पडलं तरी लघवी गडद होते, म्हणून बागेत जाताना मोठा थर्मास बरोबर ठेवला. भरपूर पाणी पिऊनही रंग तसाच राहिला किंवा अंग फार दुखलं, तर वाट पाहायची नाही.

दुसरं औषध सुरू होताना तर जपलंच पाहिजे. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं होतं. खिशातली गोळ्यांची यादी दाखवल्यावर त्यांनी लगेच ॲझिथ्रोमायसिन दिलं, कारण क्लॅरिथ्रोमायसिनमुळे ॲटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

लिव्हरसाठी सुरुवातीला एसजीपीटी ही रक्ततपासणी केली, ते ठीक होतं. ते सारखं करत बसायची गरज नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१२ मध्येच सांगितलंय. कावीळ दिसली किंवा खूप थकवा आला तर करावं. माझं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.१ चं ७.३ झालं. या गोळ्यांनी शुगर किंचित वाढू शकते, पण हृदयाचा फायदा त्याहून मोठा असल्यानं डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवली.

सध्या २० वर आहे. वही चालू आहे. पुढची लिपिड तपासणी दिवाळीनंतर, सीके मात्र पुन्हा तसं दुखलं तरच.