आठ महिन्यांनंतर: ब्रेक बूस्टर तसाच आहे, बदलला तो फक्त व्हॉल्व्ह

चैत्राची यात्रा ओसरल्यावर आईला घेऊन सप्तशृंगी गडावर निघालो होतो. नांदुरी सोडून घाट चढताना एका वळणावर वरून एसटी आली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय ब्रेकवर टाकला तर पेडल दगड. अक्षरशः दोन्ही पायांनी रेटलं तेव्हा कुठे गाडी थांबली. विचित्र म्हणजे परत उतरताना तोच ब्रेक अगदी हलका लागत होता.

घरी आल्यावर गॅरेजला दाखवलं. त्यांनी गाडी उभ्या जागी चालू ठेवून पेडल दाबून पाहिलं, ठीक आहे म्हणाले आणि पुढचे पॅड बदलले. आठवड्याभरात नाशिकच्या द्वारका चौकात पुन्हा तेच. मग सांगण्यात आलं की बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) गेला, मास्टर सिलिंडरसकट (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदला, साडेनऊ हजार. पैसे मी दिलेही असते. आईला घेऊन घाटात जायचं असतं. पण बूस्टर गेला हे कशावरून, याचं उत्तर कोणी देईना.

माझी गाडी पेट्रोलची आहे. तिच्यात इंजिन हवा आत ओढतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) जो व्हॅक्यूम, म्हणजे हवेचा कमी दाब, तयार होतो, तोच पाइपने बूस्टरपर्यंत जातो. बूस्टरच्या डब्यात रबरी पडदा असतो. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा येते, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम असतो, आणि या फरकाचा जोर आपल्या पायाच्या मदतीला येतो. वाटेत एकच लहानसा प्लास्टिकचा भाग असतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मिस्त्री त्याला एनआरव्ही म्हणतात. हवा बूस्टरकडून इंजिनकडे जाऊ द्यायची, उलटी येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

हे नीट समजल्यावर घाटाचं कोडं सुटलं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतो, थ्रॉटल (इंजिनाला हवा देणारी झडप) उघडा, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. अशा वेळी बूस्टरमध्ये साठवलेला व्हॅक्यूम कामी यायला हवा. व्हॉल्व्ह गळका असेल तर तो साठा उलटा निघून जातो आणि ऐन गरजेला पेडल दगड होतं. उतारावर थ्रॉटल बंद, व्हॅक्यूम भरपूर, ब्रेक झकास. गॅरेजमध्ये उभी गाडी आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) होती, मग तिथे दोष सापडणार कसा?

सातपूरला एका जुन्या मिस्त्रीकाकांनी घरच्या घरी करायच्या तीन चाचण्या दाखवल्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबूनच धरा आणि गाडी सुरू करा; पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. माझं बसलं. दुसरी, दोन मिनिटं इंजिन चालवून बंद करा आणि पेडल थांबत थांबत दाबा. पहिल्यांदा खोल जायला हवं, मग दर वेळी थोडं वर राहायला हवं. माझं पहिल्याच दाबाला कडक. तिसरी, उभ्या गाडीत इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडलने पायाला वर ढकलू नये. माझं हळूहळू वर आलं. बूस्टरमध्ये काही साठत नव्हतं हे नक्की झालं, पण गळती डब्यात की व्हॉल्व्हमध्ये हे अजून कळायचं होतं.

त्यासाठी व्हॅक्यूम ओढायचा, गेज लावलेला हातपंप घेतला, अकराशे रुपयांचा. आयडलला मॅनिफोल्डचा काटा 17 इंचांवर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) स्थिर होता. समुद्रसपाटीला हा आकडा साधारण दोन इंच जास्त दिसला असता. नाशिक सुमारे 600 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे 17 म्हणजे तब्येत उत्तम. मग पंप थेट बूस्टरच्या तोंडाला लावून 17 पर्यंत ओढलं. दहा मिनिटं काटा जागचा हलला नाही. तोच पंप व्हॉल्व्हच्या इंजिनकडच्या नाही, तर बूस्टरकडच्या तोंडाला लावून पाहावा का, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘अरे बाबा, त्याला तोंडाने फुंकून बघ.’ दोन्ही बाजूंनी वारा आरपार गेला.

नवीन व्हॉल्व्ह आणि पाइप मिळून 640 रुपये. पाइप बाहेरून चांगला होता, कापल्यावर आतलं रबर तेलाने फुगून मऊ पडलेलं दिसलं. तेव्हापासून आठ महिने झाले. गडावर तीनदा जाऊन आलो, कसारा घाट तर महिन्यातून दोनदा होतो, पेडल एकदाही कडक झालं नाही.

मधे दुसऱ्या महिन्यात मात्र आयडल थरथरायला लागलं आणि बॉनेट उघडल्यावर बारीक सूं-सूं आवाज आला. व्हॉल्व्ह बूस्टरमध्ये ज्या रबरी ग्रोमेटमध्ये (कड्यात) बसतो, ते जुनंच ठेवलं होतं आणि कडक होऊन चिरलं होतं. त्यावर बोट दाबलं की आयडल लगेच सुधरायचं. व्हॉल्व्ह बदलताना ग्रोमेट त्याच दिवशी बदला; ते न बदलणं ही मी केलेली एकच चूक.

डिझेलवाल्यांनी एक लक्षात घ्या, तुमच्या इंजिनात वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तोही तपासावा लागतो. आणि पेडलपाशी, डॅशबोर्डखाली सतत सूं-सूं येत असेल, किंवा बाहेर कुठे गळती न दिसता ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर खरोखरच बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर गेलेला असू शकतो. तिथे 640 रुपयांत काम भागणार नाही.

आता रोज सकाळी चावी फिरवायच्या आधी ब्रेक एकदा दाबतो. रात्रभर गाडी उभी असते, तरी पहिला दाब मऊ जातो, दुसरा थोडा घट्ट, तिसरा कडक. मगच स्टार्टर मारतो.